मरणाचे पोवाडे आणि जगण्याचे एक पत्र

आमच्या धर्मग्रामात दरवर्षी पावसाळ्याच्या दिवसांत मुलांची वक्तृत्व स्पर्धा होते. काही वर्षांपूर्वी परीक्षक म्हणून मला बसविण्यात आले. विषय होता ‘बाजीप्रभू देशपांडे’. अकरा मुले बोलली. अकराही जणांनी घोडखिंडीपासून आरंभ केला आणि विशाळगडावरच्या तोफांपाशी शेवट केला. हातवारे उत्तम, आवाज खणखणीत, पाठांतर निर्दोष. बक्षिसे वाटून झाल्यावर सहावीतील एक मुलगी जवळ आली आणि तिने विचारले, “सर, बाजीप्रभू त्याच्या आधी काय करायचे?”

मी म्हणालो, “अगं, ते देशपांडे होते.” तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. घरी परतताना माझ्या ध्यानात आले, की देशपांडे म्हणजे नेमके काय, हेही मी तिला सांगितले नव्हते. चाळीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या माणसाची ही गत. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे. मात्र ते शोधताना प्रश्न इतिहासाचा न राहता वाङ्मयाचा झाला. रणांगणात पडलेल्या माणसाची आठवण आपले साहित्य कशा प्रकारे ठेवते? त्याच्या मरणाची ठेवते, की त्याची ठेवते?

या निमित्ताने मी भोरला जाऊन आलो. बाजीप्रभू भोर तालुक्यातील शिंदचे. हा सारा मुलूख म्हणजे जुना हिरडस मावळ. नीरेचे खोरे, उतारावर भातखाचरे, माथ्यावर रोहिडा. इथले देशमुख बांदल, आणि त्या देशमुखीचे देशपांडे बाजीप्रभूंचे घराणे. देशमुख हा परगण्याचा वतनदार प्रमुख, तर देशपांडे हा परगण्याच्या दप्तराचा धनी. गावोगावचे कुलकर्णी जे जमाबंदीचे हिशेब लिहीत, त्यांवर देखरेख ठेवणे, कोणत्या गावाकडून काय येणे आहे आणि काय बुडाले आहे याची नोंद राखणे, हे त्याचे काम. म्हणजे ज्यांच्या दोन हातांतील तलवारी शिल्पकारांनी आणि चित्रकारांनी अजरामर केल्या, त्यांच्या हाती आयुष्याची कितीतरी वर्षे लेखणी होती. मावळात लेखणीवाल्यालाही तलवार बाळगावी लागे, हे खरेच. पण आपल्या मुलांच्या भाषणांत ती लेखणी एकदाही आली नाही.

आणखी एक गोष्ट आली नाही. बाजीप्रभू आरंभी शिवाजी महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. बांदलांनी महाराजांना विरोध केला, रोहिडा पडला, आणि त्यानंतर बांदलांची माणसे स्वराज्याच्या कामी आली. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात बाजींचा उल्लेख हिरडस मावळचा देशपांडे असाच केला आहे. ज्याच्याशी लढलो त्याच्यासाठीच पुढे प्राण द्यावा, या वळणात एका सबंध कादंबरीचा ऐवज आहे. मनुष्य एका रात्रीत असा पालटत नाही. मधली वर्षे असतात, शंका असतात, घरातील बोलणी असतात. रणजित देसाई यांच्या ‘पावनखिंड’ या कादंबरीचे मोल मला वाटते ते याच ठिकाणी आहे. खिंडीच्या मागचा माणूस उभा करावा, ही त्यांची ओढ आहे. परंतु देसाईंची भाषा स्वभावतःच भरजरी. त्यांची माणसे साधी वाक्ये फार बोलत नाहीत. हिशेबाची वही उघडून बसलेला, कोणत्या गावची बाकी थकली याची चिंता करणारा देशपांडे त्या भाषेला सहसा सापडत नाही. ‘स्वामी’ वाचून भारावलेल्या आमच्या पिढीला हे म्हणवत नाही, पण म्हटले पाहिजे.

आता घटनेकडे येऊ. १६६० च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेल्या वेढ्यातून महाराज रात्री निसटले. आषाढ पौर्णिमेची ती रात्र, १२ जुलै. महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद शत्रूच्या हाती गेला आणि मारला गेला. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू आणि सुमारे तीनशे बांदल मावळे उभे राहिले. महाराज विशाळगडी पोहोचल्याची खूण तोफांनी मिळेपर्यंत त्यांनी खिंड धरली. बाजी पडले. त्यांचे बंधू फुलाजीही पडले. खिंडीला पुढे पावनखिंड हे नाव मिळाले. इतकी ही हकीकत. यातील एक तपशील मात्र आपण फार लवकर विसरतो. विशाळगडालाही वेढा होता, आणि तो सूर्यराव सुर्वे व जसवंतराव दळवी या मराठी सरदारांचा होता. म्हणजे महाराजांना गडात शिरण्यासाठी आपल्याच भाषेच्या माणसांची फळी फोडावी लागली. मुलांच्या भाषणांत हे कोठून येणार? पोवाड्यातही ते मावत नाही, कारण पोवाड्याला दोनच बाजू लागतात.

अरविंद घोष यांच्या दीर्घ इंग्रजी कवितेचे उदाहरण येथे बोधक आहे. ‘बाजी प्रभू’ ही त्यांची कविता १९१० साली ‘कर्मयोगिन’ या त्यांच्याच साप्ताहिकात आली. बडोदे संस्थानात त्यांनी बरीच वर्षे काढली होती, मराठी त्यांना येत होती. तरीही कवितेच्या टिपणात त्यांनी ही घटना रांगण्याच्या किल्ल्यावर घडल्याचे लिहिले आणि समोर बारा हजार मोगल उभे केले. वास्तविक खिंड वेगळी, आणि सैन्य विजापूरचे. अर्थात पराक्रमाच्या त्या एका गोष्टीपलीकडे इतिहासाची अचूकता राखण्याचा आपला प्रयत्न नाही, असे त्यांनी त्याच टिपणात प्रांजळपणे सांगून टाकले आहे. कवीचा प्रांजळपणा मान्य. पण या कबुलीतच वीरकाव्याचा सारा व्यवहार उघडा पडतो. स्थळ बदलले तरी चालते, शत्रू बदलला तरी चालतो. मनुष्य कोठला, कोणाचा, काय करून पोट भरणारा, हे तर विचारातही येत नाही. कृत्य तेवढे उरते. अलीपूरच्या खटल्यातून नुकत्याच सुटलेल्या कवीला १९१० साली नेमके कृत्यच हवे होते. सावरकरांच्या बाजींवरील पोवाड्याचीही प्रेरणा हीच. त्या काळाची ती गरज होती. आपल्या काळाची गरज तीच आहे काय, हा प्रश्न आपण विचारीत नाही, इतकीच माझी तक्रार.

वाचकांपैकी काहींनी युरोपच्या वाङ्मयाचा थोडा अभ्यास केला असेल, तर त्यांना रोलाँची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १५ ऑगस्ट ७७८ या दिवशी, म्हणजे आपण जो दिवस पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा म्हणून पाळतो त्या तारखेला, शार्लमेन राजाची पिछाडी पिरेनीज पर्वतातील खिंडीत कापली गेली. आइनहार्ड या राजचरित्रकाराने पुढे त्या लढाईची हकीकत लिहिताना पडलेल्यांत तीन नावे दिली. त्यांतले एक रोलाँ. एका वाक्यातील एक नाव. सुमारे तीनशे वर्षांनंतर त्या एका नावातून चार हजार ओळींचे फ्रेंच महाकाव्य उभे राहिले. तेथेही राजाला वाचविण्यासाठी मागे राहिलेली तुकडी, तेथेही अरुंद खिंड, आणि तोफेच्या जागी शिंग. आणि पाहा, प्रत्यक्षात हल्ला करणारे होते डोंगरात राहणारे बास्क लोक. महाकाव्यात मात्र ते अरब झाले. धर्मयुद्धांचा काळ होता, श्रोत्यांना तोच शत्रू हवा होता. विजापूरचे मोगल झाले, बास्कांचे अरब झाले. सह्याद्री आणि पिरेनीज यांच्यामध्ये इतके अंतर असूनही वीरकाव्याचा कारखाना एकाच पद्धतीने चालतो, याची मला मौज वाटते आणि थोडी भीतीही वाटते. कारण या कारखान्यातून बाहेर पडलेला शत्रू मग शेजारच्या घरात शोधला जातो.

याउलट तानाजी मालुसऱ्यांचे पाहा. १६७० च्या फेब्रुवारीत ते सिंहगडावर पडले, तेव्हा महाराजांची राजधानी आजच्या वेल्ह्याच्या परिसरातील राजगड होती. (या तालुक्याचेच नाव २०२५ साली राजगड झाले.) तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने तानाजींना मुलाचे लग्न दिले. रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन निघालेला बाप आपल्याला आधी भेटतो आणि मग योद्धा भेटतो. मांडव, अक्षता, पाहुणे हे सारे मागे ठेवून तो जातो, म्हणून त्याचे जाणे आपल्याला लागते. ऐतिहासिक सत्य त्यात किती, हा वाद अभ्यासकांनी करावा. वाङ्मयीन सत्य हे, की शाहिराला माणूस गमावल्याचे दुःख सांगायचे होते आणि त्यासाठी आधी माणूस लागतो, हे त्याला कळले होते. बाजीप्रभूंच्या वाट्याला असा शाहीर आला नाही.

शाहीर आला नाही, पण एक पत्र आले आहे. माझ्या मते बाजीप्रभूंवरचे सर्वांत चांगले मराठी लेखन म्हणजे हे पत्र. तारीख १३ मे १६५९. महाराजांनी ते बाजींना लिहिले आहे. हिरडस मावळात जासलोडगड नावाचा किल्ला ओस पडला आहे, तो पुन्हा वसवावा, मजबूत करावा, त्याचे नाव मोहनगड ठेवावे, तेथे ठेवलेल्या लोकांच्या राहण्याची सोय करावी, असा त्याचा आशय. त्यात पराक्रमाचा शब्द नाही. पाऊस तोंडावर आला आहे, डोंगरावर माणसे राहणार आहेत आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर हवे आहे, एवढीच निकड आहे. वरंधा घाटाच्या वाटेवरील, नीरेच्या उगमाजवळचा हा डोंगर ज्यांनी मे महिन्यात पाहिला आहे त्यांना कळेल, की त्या दिवसांत तेथे दगड, लाकूड आणि पाणी वर नेणे म्हणजे काय काम असेल. सुतार कोठून आणले, गवंडी कोठून आणले, मजुरांना धान्य कोणी पुरविले, गवत कोणत्या गावातून आले, हा सारा हिशेब एका देशपांड्याने केला असणार. गावोगावची माणसे ज्याला नावानिशी ठाऊक, त्यालाच असे काम सांगतात.

पत्राच्या तारखेपासून घोडखिंडीचा दिवस बरोबर चौदा महिन्यांवर आहे. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. खिंडीतील तीनशे माणसे बाजींच्या मागे का उभी राहिली, याचे उत्तर आपले वाङ्मय स्वामिनिष्ठा या एका शब्दाने देते. त्या शब्दाला मी कमी लेखत नाही. परंतु ती माणसे बांदलांची, म्हणजे त्याच खोऱ्यातली. त्यांच्या गावांची थकबाकी बाजींना माहीत होती, आणि बाजी कसा मनुष्य आहे हे त्यांना माहीत होते. पावसाआधी घरे उभी करून देणारा मनुष्य खिंडीत ‘थांबा’ म्हणाला तर माणसे थांबतात. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण कादंबरीकाराने जर काही कल्पिायचेच असेल, तर त्याने या बाजूने कल्पावे.

त्या तीनशेंबद्दलही बोलले पाहिजे. परंपरा असे सांगते, की या लढाईनंतर दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान कारीच्या जेध्यांकडून बांदलांकडे गेला, आणि जेध्यांनी तो जाऊ दिला. कारी, शिंद, बांदलांचे पिसावरे ही सारी भोर तालुक्यातील गावे. ज्यांची माणसे गेली त्यांना मान मिळावा, ही जाणीव त्या काळाला होती. पोवाड्याने पुढे एकच नाव उचलले. २०२२ साली आलेल्या दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ या चित्रपटाला या एका बाबतीत मी गुण देईन. त्यात रायाजी बांदलांना स्वतंत्र पात्र म्हणून उभे केले आहे, आणि बांदल सेनेचे नाव प्रेक्षकाच्या कानी पडते. चित्रपटाचे आधीचे नाव ‘जंगजौहर’ होते, ते बदलून ‘पावनखिंड’ झाले, म्हणजे शत्रूच्या नावावरून जागेच्या नावावर आले. हा बदल मला आवडला. बाकी चित्रपटाविषयी काय बोलावे? अजय पूरकरांचा बाजी अंगाने भक्कम, नजरेने जिवंत. पण खिंडीतील लढाई इतकी लांबते आणि कर्णकर्कश होते, की रक्ताचाही कंटाळा यावा. मरण पडद्यावर जितके अधिक वेळ दाखवावे तितके ते कमी जाणवते. त्याच वर्षी आलेल्या ‘हर हर महादेव’ या चित्रपटावरून जो वाद झाला, त्यात मी शिरत नाही. वाद इतिहासाच्या खरेखोटेपणाचा होता. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे.

माझा हा प्रश्न पुस्तकातून आलेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण १९७१ च्या युद्धात कामी आला. मी तेव्हा शाळकरी होतो. पुढे कित्येक वर्षे डिसेंबरात त्याच्यासाठी मिस्सा होई आणि नंतर प्रांगणात भाषणे होत. वक्ते बदलत, भाषण तेच असे. त्याची आई पहिल्या बाकावर बसे. एकदा मी, नुकताच शिक्षक झालेलो, असाच तावातावाने बोललो आणि खाली येऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्या हळूच म्हणाल्या, “बाबा, छान बोललास. पण तो मेला कसा, हे मला दरवर्षी ऐकायला लागते. तो विहिरीवर पोहायचा कसा, हे तुम्ही कोणी सांगत नाही. तुम्ही सगळे होतात ना रे तिथे?” आम्ही होतो. त्याने आम्हा लहान पोरांना त्या विहिरीत पोहायला शिकविले होते. मला ते भाषणात आणावेसे वाटले नव्हते, कारण ते भाषणाला शोभणारे नव्हते. मावशी आता नाहीत.

आपण दर रविवारी म्हणतो त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारातही प्रभूचा जन्म आणि पोंती पिलाताच्या अमलाखालील मरण यांच्यामध्ये काहीच नाही, याकडे अनेकांनी लक्ष वेधले आहे. तेहतीस वर्षे एका स्वल्पविरामात मावली आहेत. पण विश्वासांगीकार हा सारांश आहे, आणि सारांशाशेजारी चार शुभवर्तमाने आहेत. त्यांत काना गावचे लग्न आहे, सरोवराकाठी भाजलेले मासे आहेत, मित्राच्या कबरीपाशी आलेले अश्रू आहेत. मराठी वीरवाङ्मयाची अडचण अशी, की त्याच्यापाशी विश्वासांगीकार पुष्कळ झाले, शुभवर्तमान मात्र लिहायचे राहून गेले.

भोरच्या त्या फेरीत मी भाटघरच्या धरणावरही गेलो. १९२८ साली ते लॉइड धरण म्हणून सुरू झाले. आज त्या जलाशयाचे नाव येसाजी कंक जलाशय. येसाजी कंक याच वेळवंड खोऱ्यातील भुतोंड्याचे. वेल्ह्याकडे वळलात तर पानशेतचा तानाजीसागर, आणि मोसे नदीवरच्या वरसगावचा वीर बाजी पासलकर जलाशय. पासलकर मोसे खोऱ्याचे, स्वराज्याच्या आरंभीच्या लढाईत पडलेले. त्यांच्याच खोऱ्यात पाणी भरले आणि त्या पाण्याला त्यांचे नाव दिले. बुडालेल्या गावांची नावे मात्र कोणत्या फलकावर आहेत, ते मी शोधले आणि मला सापडली नाहीत. स्मारकाचा हा प्रकार वाङ्मयात मोडत नाही. तरी समीक्षकाने त्याची नोंद घ्यायला हरकत नाही. पोवाडाही असेच करतो. वर नाव तरंगते, खाली गाव असते.

येसाजींच्या नावापाशी मला, एक मराठी कॅथलिक म्हणून, थांबावे लागते. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्हॉर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला संभाजी महाराजांच्या ताब्यात होता. येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी हे दोघे तेथे लढले. वेढा उठला, पण कृष्णाजी अतिशय जखमी झाला आणि त्या जखमांनीच गेला. त्याने भुतोंड्याला, घरी, प्राण सोडला, असे कंक घराण्याच्या कागदांवरून सांगतात. त्यानंतर काही दिवसांतच मराठ्यांनी गोव्याजवळचे सांतू इस्तेव्ह बेट घेतले, व्हाइसरॉय घायाळ होऊन परतला, आणि त्याने बॉम जेजूच्या मंदिरात जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी आपला अधिकारदंड ठेवला, हे शहर आता तुम्हीच सांभाळा अशी विनवणी केली. मोगलांची फौज कोकणात उतरत असल्याने संभाजी महाराज मागे वळले. गोवा वाचले. ‘गोंयचो सायब’ गोव्याला राखतो, या श्रद्धेच्या कथांत ही कथा मोठ्या मानाने सांगितली जाते. लहानपणी मीही ती ऐकली आणि सायबाचे कौतुक वाटले.

ती कथा ऐकताना मी कोणत्या बाजूला होतो? हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता. शाळेत मी मराठ्यांच्या बाजूचा होतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात सायबाच्या. वर्ग बदलला की बाजू बदले, आणि दोन्ही वर्गांत मला पैकीच्या पैकी गुण मिळत. कृष्णाजी कंक यांपैकी एकाही वर्गात आला नाही. पहिल्या कथेला संभाजी महाराज पुरेसे होते, दुसरीला व्हाइसरॉय आणि संत. भुतोंड्याहून निघालेला आणि जखमा घेऊन परतलेला कोणाचा तरी मुलगा दोन्हींतून निसटला. तसेच फोंड्याच्या तटाखाली पडलेले पोर्तुगिजांच्या बाजूचे शिपाईही निसटले. त्यांच्यासाठी कोणी कोकणीत रडले असेल, कोणी मराठीत. वसईच्या वाचकांना १७३९ च्या मोहिमेसंबंधी हेच म्हणता येईल. चिमाजी अप्पांच्या विजयाच्या कथेत आणि आपल्या पूर्वजांच्या हालांच्या कथेत तटाखाली पडलेला मावळा आणि तटावर पडलेला शिपाई सारखेच अनाम आहेत.

२०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात झेवियरच्या शवाचा दर्शनसोहळा सुरू झाला, तेव्हा आमच्या धर्मग्रामातून बस गेली. मी होतो. जुने गोवे ते फोंडा हे अंतर काही फार नाही, वीस किलोमीटरच्या आसपास. रांगेत उभा असताना मी मनातल्या मनात कृष्णाजीसाठी ‘आमच्या बापा’ म्हटले. हे योग्य की अयोग्य, हे मी कोणाला विचारले नाही. समीक्षेच्या लेखात हे सांगणेही बहुधा अयोग्यच.

अनामिकांची ही गोष्ट जुन्या काळाबरोबर संपत नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावांत दगडी पाट्या बसविल्या. या गावातून इतकी माणसे युद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. माणसे आकड्यांत आहेत. मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात, मराठा पलटणींनी जे भोगले त्याला हिशेब नाही. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायाचे नाव कोरले गेले, हिंदी शिपायाच्या मात्र पलटणीपुढे आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली अहवाल काढून या विषमतेबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धाने थोडी सुधारणा केली. वेल्ह्याच्या डोंगरापलीकडे घाट उतरून गेले की माणगाव तालुक्यातील पळसगाव लागते. तेथील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनचे ठाणे घेऊन तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. कबर सापडत नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ च्या जुलैत मोंतोने या इटालियन गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभे केले. मला या स्मारकाची कल्पना आपल्या बऱ्याच पुतळ्यांहून सुंदर वाटते. पुतळा एकच क्षण धरून ठेवतो. सूर्यघड्याळात सकाळ होते, दुपार होते, सावली सरकते. चौकात भाजी घ्यायला आलेली बाई किती वाजले म्हणून तिकडे पाहते.

तरुण लेखकांना एक सुचवावेसे वाटते. बाजीप्रभूंवर कादंबरी लिहायची असेल, तर ती मोहनगडावर लिहा. मे ते जून १६५९, इतकाच काळ घ्या. खिंड आणूच नका. वाचकाला खिंड ठाऊक आहे, ती त्याच्या मनात आपोआप येईल. सुतारांचे भांडण असू द्या, एखाद्या गावाने गवत द्यायला केलेली खळखळ असू द्या, शिंदहून आलेला घरचा निरोप असू द्या. फुलाजींना बोलते करा. थोरला की धाकटा या वादात न पडता दोन भाऊ संध्याकाळी एका दगडावर बसून काय बोलले असतील, ते लिहा.

ती सहावीतली मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या नाताळात भेटली, तेव्हा मी तिला म्हणालो, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले गं. बाजीप्रभू डोंगरावर लोकांसाठी घरे बांधत होते.” तिला स्पर्धा आठवत होती, प्रश्न आठवत नव्हता. थोडा विचार करून ती म्हणाली, “मग ती घरे अजून आहेत का, सर?” मोहनगडावर आता फारसे काही उरलेले नाही, हे मी तिला सांगितले. तरी पावसाळा संपला, की आम्ही काहीजण तेथे जाणार आहोत. तिलाही यायचे आहे.